सेलूची थंडी आणि चुकलेला पीळ

सेलू म्हटले की बहुतेकींना मराठवाड्यातले सेलू आठवते, परभणी जिल्ह्यातले, मनमाड-सिकंदराबाद रेल्वेच्या वाटेवरचे. मी सांगणार आहे ते दुसरे, वर्धा जिल्ह्यातले. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की आधी धाम नदीच्या काठचे पवनार, विनोबांच्या आश्रमाचे, आणि मग थोड्याच वेळात बोर नदीच्या काठचे हे सेलू. नागपूरकडून येत असाल तर बुटीबोरी मागे टाकायची, केळझरच्या टेकडीवरच्या गणपतीला बसमधूनच हात जोडायचे, की पुढचा मोठा थांबा सेलूचाच. रेल्वेने जाण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. स्टेशन आहे, पण त्याचे नावच ‘सेलू रोड’, म्हणजे काय ते समजून घ्या! गाव तिथून लांब. आपली एसटी बरी.

पाहायला म्हणून सेलूला कुणी जात नाही. तालुक्याचे गाव, बाजारपेठ, शाळा-कॉलेज, कचेरी आणि कापूस. वर्तमानपत्रात कापसाचे भाव येतात ना, त्यात ‘सिंदी (सेलू)’ अशी एक ओळ असते. ते हेच. हिवाळ्यात गावात शिरलात की रस्त्याच्या कडेच्या बाभळींना, तारांना, कुंपणांना कापसाचे पुंजके लटकलेले दिसतात. भरलेल्या गाड्या जाता जाता सांडून गेलेल्या असतात. जुनी माणसे इथल्या केळीच्या बागांच्याही गोष्टी सांगतात, पण आता डोळ्यांना दिसते ती पऱ्हाटी, तूर आणि ओलिताच्या शेतात हरभरा नि गहू.

माझ्या थोरल्या नणंदबाई इथे दिल्या आहेत. त्यामुळे संक्रांतीच्या आसपास आमची सेलूची एक फेरी ठरलेली. तुम्ही म्हणाल, विदर्भ आणि लोकरीचे विणकाम यांचा काय संबंध? उन्हाळ्यात जिथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे स्वेटर कुणाला हवा? तर तसे नाही हं. पौषात इथली रात्र अशी काही गारठते की अंगणातल्या बादलीत हात घालवत नाही. एखाद्या रात्री पारा आठ-दहा अंशांवर उतरतो. घरे सगळी उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली, उंच छपरांची, हवेशीर. थंडी थेट आत येऊन बसते.

आणि बाहेरची कामे तर रात्रीच निघतात. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणसे मध्यरात्री शेतावर जातात. बोर धरणाच्या बाजूच्या शेतांत रानडुकरांची राखण वेगळीच. तिकडचे जंगल २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले आहे, तेव्हा घरच्या बायकांना रात्रभर झोप कशी ती नसते. कापसाच्या हंगामात माल घेऊन गेलेला माणूस रांगेत अडकला तर गाडीवरच रात्र काढतो. १९७२ साली सरकारची एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्या काळातल्या बंड्यांच्या रांगा आणि शेकोट्या तर नणंदबाईंचे यजमान अजून रंगवून सांगतात. कापूस पिकवणारा हा मुलूख, पण रात्री अंगावर लोकरच लागते.

विकतचे स्वेटर मिळतात, नाही असे नाही. नागपूर-वर्ध्याला हिवाळा लागला की तिबेटी बायका-पुरुष स्वेटरची दुकाने मांडतात. आपल्याला वाटते हे पार हिमालयातून आले. त्यांच्यातले काही विदर्भातलेच असतात! आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या गोठणगावजवळ १९७२ साली त्यांची वसाहत वसली, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. पण त्यांच्याकडचा मालही बहुतेक लुधियानाच्या कारखान्यांतला. घरच्या माणसाच्या छातीच्या मापाने, मुंड्यात न आवळणारा, खांद्यावर पाण्याचा पाइप घेतला तरी वर न सरकणारा स्वेटर हवा असेल तर सुयाच हातात घ्यायला हव्यात.

नणंदबाईंच्या सूनबाईने तेच केले होते. लग्नाला वर्षही झाले नव्हते. पोर वणीकडची, हुशार, पण विणकामात अगदी नवखी. सुलट-उलट येत होते, एक मफलर झाला होता, आणि एकदम सासऱ्यांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर घेतला. तोही साधा नाही, पुढच्या भागावर तीन वेण्या. पुस्तकांत हिला केबलची वीण म्हणतात, आपल्याकडे कुणी पीळ म्हणते, कुणी वेणी. सहा सुलट टाक्यांची एक वेणी, दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाके, आणि दर आठव्या ओळीला एक पीळ. पाठ विणून झाली होती आणि पुढचा भाग जवळजवळ मुंड्यापर्यंत आला होता. नवख्या हाताचे टाके, पण काम नीटनेटके.

घोटाळा झाला तो हळदीकुंकवाच्या दिवशी. बायकांनी ओसरी भरली होती, वाण लुटणे चालले होते. कुणीतरी कौतुकाने विणकामाची पिशवी ओढली आणि तो भाग या हातातून त्या हातात फिरू लागला. एक पाहुण्या बाई, स्वतः चांगल्या विणणाऱ्या, थबकल्या आणि म्हणाल्या, “मधली वेणी उलटी गेली व बाई तुझी.” झाले! मग काय, प्रत्येकीने पाहून घेतले. कुणाला दिसले, कुणाला दिसले नाही, पण मान सगळ्यांनी डोलावली. सूनबाईने काही न बोलता पिशवी उचलली आणि आत ठेवून आली.

नव्या सुनेच्या हातचे पहिले काम आणि तेही चारचौघींत. तुम्ही-आम्ही सगळ्या त्यातून गेलो आहोत, वेगळे सांगायला नको.

रात्री आवराआवर झाल्यावर मी मागच्या खोलीत गेले तर ती सुईवरचे टाके काढून सगळे उसवायच्या बेतात. म्हणे, “मामी, खालपासून काढते. नाही तं राहूच देते.” इकडे नणंदबाईंचे म्हणणे, “वहिनी, तिला सांगा काही करू नको म्हणून. ह्यांना काय, हे अंधारात घालून जाणार. पीळ कोण मोजतंय?”

दोघींचेही एका अर्थी खरे होते. पण चाळीस-पन्नास ओळी उसवून पुन्हा विणायच्या म्हणजे नवशिकीचे आठ-दहा दिवस गेले, आणि इथली थंडी महाशिवरात्रीपर्यंत टिकली तरी खूप. स्वेटर व्हायचा तेव्हा उन्हे कडक झालेली असायची. आणि तसेच ठेवायचे म्हणजे? लहान मुलाचा स्वेटर असता तर मीही म्हटले असते, राहू दे, वर्षात तोकडा होईल. पण मला त्या पोरीचा चेहरा दिसत होता. तो स्वेटर दर हिवाळ्यात घरात वावरणार आणि हिची नजर दर वेळी त्याच एका जागी जाणार. पुन्हा ती सुया हातात घेईल याची मला खात्री वाटेना.

मैत्रिणींनो, चुकलेला पीळ म्हटला की आपल्याला हे दोनच रस्ते माहीत असतात, सगळे उसवा किंवा डोळेझाक करा. तिसरा रस्ता आहे, आणि तो नवख्या हातालाही जमतो. फक्त त्या सहा टाक्यांपुरते खाली उतरायचे. बाकी स्वेटरला हात लावायचा नाही.

हे शक्य होते ते विणकामाच्या बांधणीमुळे. सुटलेला टाका फक्त सरळ खाली, आपल्या रांगेतून उतरत जातो. शेजारच्या रांगेला तो धक्का लावत नाही. आपण टाका गळला की घाबरतो ते तो खाली धावतो म्हणून. पण तो आडवा धावत नाही, हाच आपला फायदा. मुद्दाम गळू दिला तर तो आपल्याला हवा तिथपर्यंत जातो आणि तिथे थांबवता येतो.

दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर आम्ही अंगणात उन्हाला बसलो. एका बाजूला तुरीच्या शेंगा सोलणे चालले होते. शेजारच्या आजी आल्या, वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण दृष्टी खणखणीत. त्यांनी तो भाग मांडीवर घेतला, वेणीवरून खालून वर बोट नेले आणि एका जागी थांबवले. “मले तं हे विणकाम येत नाही. पण इथं पीळ उलटा पडला नं व माय? तकली उलटी फिरवली का सूत असंच दिसते.”

मी बघतच राहिले. आजींचे शिक्षण चौथीपर्यंत, पण बुनियादी शाळेतले. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची कल्पना तिथून निघाली. मग या भागातल्या शाळांतून मुलांच्या हातात पाटीबरोबर तकलीही आली. सेवाग्राम इथून काही फार दूर नाही. पेळूतून सूत काढताना तकली कोणत्या बाजूने फिरते यावर सगळे असते. उलटी फिरली की दिलेला पीळ उलगडतो आणि सूत तुटते. तुटले की टाकून द्यायचे नाही, टोकाचा पीळ सैल करायचा, पेळूच्या तंतूंवर ठेवायचा आणि पुन्हा फिरवायची. ज्या बोटांना हे लहानपणी कळले, त्यांना वेणीतला उलटा पीळ ओळ न मोजता कळला. पुस्तकात जे मी खुणा वाचून शिकले ते त्यांना नुसते दिसत होते.

तीच खरी पहिली पायरी. चूक नेमकी कुठे आहे ते आधी वाचता आले पाहिजे. वेणी विणताना जादा सुईवर घेतलेले पहिले तीन टाके पुढे धरले तर पीळ डाव्या अंगाला झुकतो, मागे धरले तर उजव्या अंगाला. सूनबाईच्या वेणीत सगळे पीळ डावीकडे झुकलेले आणि मधल्या वेणीतला एकच उजवीकडे. म्हणजे त्या ओळीला सुई पुढे राहायची ती मागे गेली होती. त्या पिळानंतर आणखी दोन पीळ बरोबर पडले होते आणि त्यांच्या वर पाच ओळी झाल्या होत्या. आता हिशेब करा. चुकलेली ओळ धरून वरपर्यंत बावीस ओळी. हा आकडा तिला मी कागदावर लिहायला लावला. तुम्हीही लिहा.

हत्यारे म्हणाल तर दोन्ही बाजूंना टोक असलेल्या दोन आखूड सुया लागतात. सेलूच्या बाजारात तशा मिळाल्या नाहीत. मग भाच्याने सायकलच्या दुकानातून चाकाच्या दोन तारा आणल्या, वीतभर कापून दोन्ही टोके घासून गुळगुळीत केल्या. त्या बारीक असतात, म्हणून त्यांच्यावर टाके नुसते धरायचे. विणायचे मात्र स्वेटरच्याच सुईने, आमच्याकडे नऊ नंबरची होती, नाहीतर टाके घट्ट होऊन वेणी आक्रसते.

आता कृती. सुलट बाजू आपल्याकडे असताना वेणीपर्यंत विणत जायचे आणि थांबायचे. आधी एक खबरदारी. चुकलेल्या पिळाच्या लगेच खालच्या ओळीतले सहा टाके शोधायचे आणि बोथट सुईने त्यांच्यातून वेगळ्या रंगाचा एक सुती दोरा ओवून ठेवायचा. आजींनी वाकळ शिवायचा पांढरा दोरा काढून दिला. लोकर लोकरीला चिकटते, सुती दोरा चिकटत नाही, नंतर अलगद निघतो. हा दोरा म्हणजे तळाचा बांध. टाके कितीही धावले तरी त्याच्या खाली जाणार नाहीत.

मग वेणीचे सहा टाके सुईवरून चक्क सोडून द्यायचे. इथे सूनबाईने डोळे मिटून घेतले! एकेक ओळ हलक्या हाताने ओढत खाली यायचे. प्रत्येक ओळीचा एक आडवा दोरा मोकळा होतो आणि शिडीच्या पायऱ्यांसारखे दोरे एकावर एक दिसू लागतात. चुकलेली ओळसुद्धा उसवायची हे विसरू नका, कारण पीळ त्या ओळीच्या विणण्यातच पडलेला असतो. खाली पांढरा दोरा लागला की थांबायचे, सहाही टाके सायकलच्या तारेवर घ्यायचे आणि शिडीच्या पायऱ्या मोजायच्या. बावीस भरल्या पाहिजेत. आमच्या एकवीस भरल्या, पुन्हा मोजल्या तेव्हा एक दुसरीखाली लपलेली सापडली.

आता सर्वांत खालची पायरी हाच आपला विणायचा दोरा. उजवीकडचे तीन टाके दुसऱ्या तारेवर घेऊन पुढे धरायचे, मागचे तीन सुलट विणायचे, मग पुढचे तीन. पीळ पडला, आणि या वेळी डावीकडे झुकला. नऊ नंबरच्या सुईवर आलेले हे सहा टाके न विणता पुन्हा डाव्या हातातल्या तारेवर सरकवायचे आणि वरची पायरी घ्यायची. काम सतत सुलट बाजूनेच चालते, म्हणून सगळ्या ओळी सुलट विणायच्या, उलट एकही नाही. नववी पायरी आली की पुन्हा पीळ, सतरावी आली की पुन्हा. बाविसावी संपली की टाके मूळ सुईवर घेऊन नेहमीसारखे पुढे जायचे.

त्रास कुठे होतो तेही सांगते. पायरीचा दोरा ठरावीक लांबीचा असतो. उजवीकडचे टाके सैल विणले तर शेवटच्या टाक्याला दोरा उरत नाही, घट्ट विणले तर शेवटी मोठा फास राहतो. सूनबाईच्या पहिल्या चार-पाच ओळींत दोन्ही झाले. घाबरायचे नाही. सुईच्या टोकाने टाक्याची एक बाजू उचलून उरलेला दोरा शेजारच्या टाक्यात, तिथून त्याच्या शेजारच्यात असा वाटून द्यायचा. भाकरी थापताना कडेचे पीठ मध्ये घेतो तसेच ते. आणि पायऱ्यांचा क्रम चुकवू नका. वरची आधी घेतली तर खालची मागे लोंबत राहते आणि ती फार उशिरा लक्षात येते. म्हणून दर ओळीनंतर मागची बाजू पाहायची सवय ठेवा.

सगळे मिळून आम्हांला दोन तास लागले. त्यात चहा धरला आहे. पहिला पीळ मी दाखवला, पुढच्या सगळ्या ओळी तिच्याच हातच्या. मध्येच नणंदबाई येऊन पाहून गेल्या, शिडी पाहून “अगं बाई!” म्हणाल्या आणि सोलायच्या शेंगा सोडून तिथेच बसल्या.

चूक लवकर ध्यानात आली तर एवढे करावेच लागत नाही. त्याच ओळीत कळले तर एकेक टाका उलट्या दिशेने सुईवर परत घेत मागे जावे, सुई काढून ओढू नये. पीळ द्यायचाच राहून गेला असेल तर वर सांगितलेलीच युक्ती चालते, फक्त ती जागा किंचित आवळल्यासारखी वाटते, कारण पिळाला दोरा जास्त लागतो. धुतल्यावर बरीच सारखी होते. पीळ उलट बाजूच्या ओळीला दिला गेला असेल तर पुढची मोजणी एका ओळीने घसरते आणि तीनही वेण्या तशाच झाल्या असतील तर मात्र सरळ सबंध ओळी उसवा. तिथे शिडीचा खेळ परवडत नाही. जादा सुईवरून टाका गळला तर क्रोशाच्या सुईने वर आणा, पण तो वेणीच्या पुढून येतो की मागून ते आधी पाहा. काही जाणत्या बायका चुकलेल्या पिळाचा टाका कात्रीने कापून पुन्हा सांधतात. होते ते सुंदर, पण नवख्या हाताने कात्रीला शिवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि मुळात चूक कमी व्हावी म्हणून? पीळ दिलेल्या ओळीला सेफ्टी पिन लावा आणि प्रत्येक पिळानंतर ती वर सरकवा. दर दोन पिळांनंतर सबंध ओळीतून तो पांढरा सुती दोरा ओवून ठेवा, म्हणजे उसवायची वेळ आलीच तर तिथवरच. पीळ देऊन झाला की पुढची ओळ सुरू करण्याआधी काम हातभर लांब धरून नुसते बघा. शेजारच्या वेण्या ज्या अंगाला झुकतात त्याच अंगाला ही झुकते ना? एवढ्याने बरेच काम होते.

या पिळांच्या स्वेटरचे माहेर म्हणून नाव निघते ते आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अरन बेटांचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथल्या बायका असे स्वेटर विणू लागल्या आणि पुढे विकूही लागल्या. प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असे आणि बुडालेला कोळी त्यावरून ओळखत, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी नाही. तिचे मूळ जॉन सिंग या नाटककाराच्या, १९०४ साली डब्लिनला रंगभूमीवर आलेल्या एका नाटकात आहे. त्यात बहीण बुडालेल्या भावाचा मोजा ओळखते खरी, पण घराण्याच्या विणीवरून नव्हे. मोज्याला किती टाके घातले होते आणि त्यातले चार गळले होते हे तिला आठवते, कारण तो तिनेच विणलेला असतो. ही गोष्ट मी आजींना सांगितली. त्या म्हणाल्या, “आपलं काम आपल्याले ओळखू येतेच नं.”

स्वेटर मुंड्यापर्यंत आल्यावर आम्ही निघालो. गळा आणि खांदे सूनबाईने मागाहून एकटीने केले. त्यात तिची एक वेणी पुन्हा चुकली, पण या वेळी मला फोन आला तो सगळे दुरुस्त करून झाल्यावर, पायऱ्या चौदा होत्या हे सांगायला. स्वेटर पहिल्यांदा धुवाल तेव्हा कोमट पाण्यात, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि बाजेवर आडवा पसरून सावलीत वाळवा. टांगलात तर वेण्या लांबतात. दुरुस्त केलेली जागा ओली असतानाच बोटांनी सारखी करून घ्या.

सेलूला कधी गेलात तर पौष-माघातच जा. तेव्हा ओला हरभरा असतो, तुरीच्या शेंगा असतात आणि अंगणात बसायला ऊन असते. हिंगणीवरून बोर धरण एका दिवसात होते. परतताना पवनारला उतरा. १९५९ साली विनोबांनी तिथे बायकांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. धामच्या पात्रातल्या खडकांवर थोडे बसले की पाय निघत नाही. वर्ध्याला १९३८ सालचे मगन संग्रहालय आहे, तिथे चरख्यांचे आणि तकल्यांचे नाना प्रकार पाहायला मिळतात. मुलांसाठी गोरसपाक घ्यायला विसरू नका. लोकर वर्ध्यालाच घ्या, रंग जास्त मिळतात. आखूड सुयांची काळजी नको, तारा सायकलच्या कुठल्याही दुकानात मिळतात. टोके घासून घ्यायला मात्र सांगा.